टेकूवरचा हिवाळा

यंदा तीळ भाजायला घेतले आणि पहिलीच कढई करपवली. लक्ष कढईत नव्हतं, बातम्यांत होतं. टाय लावलेले एक गृहस्थ सांगत होते की गाझामधला युद्धविराम बऱ्याच अंशी टिकून आहे. बऱ्याच अंशी म्हणजे किती, हे समोर बसलेल्या बाईंनी त्यांना विचारलं नाही. अधूनमधून काही घटना घडतात, एवढं म्हणून ते पुढच्या विषयाकडे वळले. घटना घडतात म्हणे! माणसं मेली असं म्हणायचीसुद्धा आता लोकांना लाज वाटते. तेवढ्यात स्मोक अलार्म केकाटायला लागला आणि वरून माझी लेक ओरडली, "आई, सीरियसली? अगेन?"

मॉन्ट्रियलला लागून असलेल्या आमच्या लव्हालमध्ये जानेवारीत खिडकी उघडणं म्हणजे हीटिंगचं बिल हाताने वाढवून घेणं. तरी उघडली. रस्ता मिठाने करडा झालेला, दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेएवढे बर्फाचे ढीग आणि कुठेही चिटपाखरू नाही. अशा थंडीत वाससुद्धा हलत नाही, करपलेल्या तिळाचा धूर खिडकीतच घुटमळत राहिला. त्या धुरात उभी असताना मला गेल्या वर्षीचा जानेवारी आठवला. त्या हिवाळ्याला मी मनातल्या मनात हनानचा हिवाळा म्हणते.

हनान आमची शेजारीण. आमची दोन घरं मधल्या एका भिंतीने जोडलेली, इकडे आम्ही, तिकडे ती. ती गाझाची. इथे एका गार्डरीत, म्हणजे पाळणाघरात, काम करते. आम्ही दोघी बोलतो इंग्रजीत, तिचं अरबी वळणाचं आणि माझं नागपुरी. फ्रेंच मात्र दोघींचं सारखंच भयंकर आहे. तिचा नवरा वलीद आजारी आईला भेटायला म्हणून गाझाला गेला, तेवढ्यात युद्ध पेटलं आणि तो तिथेच अडकला. पुढे एके दिवशी त्यांच्या घरावर बॉम्ब पडला आणि चार मजले एकावर एक बसले. वलीद आणि त्याची आई आत होते. त्यांना काढायला कुणी जाऊच शकत नव्हतं, त्यामुळे ते होते तिथेच राहिले. हनान ना धड सवाष्ण राहिली होती, ना धड विधवा झाली होती.

गेल्या वर्षी संक्रांत आणि युद्धविरामाची बातमी एकाच आठवड्यात आली. मी तिळगुळाचा डबा घेऊन तिच्या दारात गेले तर ती फोन कानाला लावून एकाच वेळी हसत आणि रडत होती. गोड बोला वगैरे मी काही म्हटलं नाही, डबा उघडून पुढे धरला. तिने एक लाडू तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि म्हणाली, "हा तर आमचा वास आहे." आमच्याकडे तिळाची तांबूस चटणी करतात, सासूबाई तीळ इतके खरपूस भाजायच्या की अख्ख्या गल्लीला कळायचं, असं काहीबाही सांगत राहिली. मग एकदम तिने विचारलं,

"माधवी, तू बिल्डिंगचं काम करतेस ना?"

हो, करते. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ऐकायला भारदस्त वाटतं, प्रत्यक्षात माझा जन्म मॉन्ट्रियलच्या पार्किंगमध्ये चालला आहे. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. गाड्या ते चाकांना लावून इमारतींच्या पोटातल्या पार्किंगमध्ये आणतात, ते पाणी स्लॅबमध्ये मुरतं, आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट सुटायला लागतं. अशा वेळी आम्ही खाली लोखंडी टेकू लावतो आणि रिपोर्टात लिहितो, तात्पुरते. मालकाला वाटतं, काम झालं. खरी दुरुस्ती पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वर्षी. मालकाने हौसेने रंग दिलेले टेकू मी पाहिले आहेत, त्यांना पार्किंगचे नंबर टांगलेले पाहिले आहेत. टेकू टिकतो हो, टेकूला काय धाड भरली आहे! वरचा स्लॅब मात्र आतून रोज थोडा थोडा जात असतो, आणि खालून गाडी नेणारा म्हणतो, आधार आहे की. युद्धविराम टिकेल का, असं मला कुणी विचारलं की हल्ली हेच आठवतं, आणि मी विषय बदलते.

युद्धविराम लागला तसा हनानचा धाकटा दीर समीर हजारो लोकांबरोबर पायी चालत आपल्या गल्लीत पोचला. घराच्या जागी ढीग होता. त्याने चारही बाजूंनी फोटो काढून हनानला पाठवले आणि तिने ते माझ्यापुढे धरले. फोटो पाहून मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? ओळख वाटली. ते घर आपल्याकडचंच होतं. बापाने तळमजला बांधायचा, गच्चीवर सळया उघड्या सोडायच्या, थोरल्याचं लग्न ठरलं की एक मजला चढवायचा आणि मधल्याचं ठरलं की आणखी एक. नागपूरला आमच्या गल्लीत गच्चीगच्चीवर अशा गंजक्या सळया होत्या, आणि त्यांवर आम्ही पोरं कपडे फाडून घ्यायचो. त्या ढिगातही सगळ्यात वरच्या स्लॅबमधून सळया बाहेर आलेल्या होत्या. समीरचं लग्न अजून व्हायचं होतं.

त्या दिवसापासून माझी सकाळची कॉफी हनानच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होऊ लागली. आमची सकाळ म्हणजे तिकडे दुपार. समीरचे ताजे फोटो तेव्हा आलेले असत. मी विचारायची, जिना कुठल्या बाजूला होता? वलीदची खोली कुठे? आईची कुठे? हनानने बिस्किटांचे पुडे एकावर एक रचून मला घर समजावलं, जिन्याच्या जागी चमचा ठेवला. मी फोटोंवर बोटाने लाल रेघा मारून पाठवायची, हा तुकडा हलवू नकोस, इथे टेकू दे, मगच पलीकडचा फोड. समीर टेलरिंग करायचा. त्याने उलट निरोप पाठवला, "मॅडम इंजिनिअर, टेकू कुठून आणू? इथे चुलीला लाकूड नाही." शेवटी त्याने मोडक्या शाळेतल्या बाकांचे लोखंडी पाय कापून आणले आणि दोन-दोन एकत्र बांधून स्लॅबखाली दिले. माझ्या कंपनीत असं कुणी केलं असतं तर मी साइट बंद केली असती.

आत शिरायच्या वाटा दोन होत्या. एक बाजूने, दोन स्लॅबमधल्या फटीतून आडवं बीळ करत. तसं केलं तर चार-पाच दिवसांत वलीदच्या खोलीपर्यंत पोचता आलं असतं, पण वरचा भार कोणत्या क्षणी बसेल याचा नेम नाही, आणि बसला तर समीरही आत. दुसरी वाट वरून, एकेक स्लॅब हातोड्याने फोडत, सळया कापत, तुकडे हाताने वाहत. ती सुरक्षित, पण तिला कित्येक आठवडे लागणार. मोठी मशीनं तिकडे जवळजवळ नव्हतीच. मी दोन्ही वाटा हनानला नीट समजावल्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "हे टिकेल का?"

"काय, स्लॅब?"

"युद्धविराम. टिकणार असेल तर वरून जाऊ दे त्याला. टिकणार नसेल तर बाजूने. तू सांग."

मी लोकांना सांगत असते की हा मजला अजून दोन हिवाळे काढेल, आणि खाली सही करते. पण त्या सहीआधी मी काँक्रीटचा तुकडा काढून तपासलेला असतो. या कराराचा तुकडा मी कुठून काढणार होते? इथे तर दोन्ही बाजू सह्या करता करताच सांगत होत्या की आमचं बोट बंदुकीच्या चापावरच आहे. मला माहीत नाही, असं मी तिला सरळ सांगितलं. तिने बिस्किटांचा सगळ्यात वरचा पुडा उचलून बाजूला ठेवला.

"वलीद गेला. समीरलाही घालवू?" ती म्हणाली. "नको. वरूनच जाऊ दे. एवढे मोठे मोठे देश मध्ये पडले आहेत, निदान उन्हाळ्यापर्यंत तरी टिकवतील."

मोठे देश! त्या मोठ्या देशांच्या भरवशावर एक टेलर हातोडी घेऊन चार मजले फोडायला लागला.

फेब्रुवारीत हनानच्या सासूबाई सापडल्या. जिन्याच्या तोंडाशी होत्या. समीरने हातातल्या बांगडीवरून ओळखलं. हनानने गार्डरीतून रजा घेतली, घर झाडूनपुसून लख्ख केलं, पातेलंभर भात शिजवला आणि ओळखीच्या चार घरी वाटला. आमच्याकडेही आणून दिला. त्या दिवशी ती खूश होती. कुणाला खोटं वाटेल, पण खूश होती, मृतदेह मिळाला म्हणून, पुरता आला म्हणून, कबरीवर नाव घालता आलं म्हणून. माणसाला कुठवर आणून ठेवायचं याला काही मर्यादा असावी की नाही? मी तो भात खाल्ला आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

त्याच महिन्यात माझ्या बेसमेंटमध्ये हळदीकुंकू होतं. रथसप्तमी केव्हाच उलटून गेली होती, पण आमच्याकडे सण वीकेंड पाहून येतात. दारात बुटांचा खच, पैठण्यांखाली लोकरीचे मोजे, आणि जी ती आल्या आल्या आपण दारातला किती बर्फ शोव्हल केला ते सांगतेय. वर हॉलमध्ये नवरेमंडळी मटारच्या करंज्या हाणत युद्धविरामाचा निकाल लावत होती. टिकणार नाही, लिहून ठेवा. अहो, त्या लोकांना शांती नकोच आहे. कोणत्या लोकांना, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं; ज्याने त्याने आपापल्या सोयीचे लोक धरले होते. माझा नवरा उदय तेवढा म्हणत होता, टिकेल. त्यावर पैज लागली. हरेल त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची.

हनानला मी बोलावलं होतं. ती निळा ड्रेस घालून आली, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि सगळ्यांकडे बघून हसत राहिली. कुंकवाचा करंडा शुभदाताईंच्या हातात होता. शुभदाताई आमच्या मंडळातल्या सगळ्यात मोठ्या, माणूस वाईट नाही. हनानपाशी पोचायच्या आधी त्या वळून माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, हिला लावायचं ना? म्हणजे, मिस्टर आहेत ना हिचे?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"माहीत नाही म्हणजे काय? असतात किंवा नसतात!"

"सापडले नाहीत अजून."

शुभदाताईंचा हात करंड्यावर तसाच राहिला. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "जाऊ दे, ती मुसलमान आहे ना, त्यांच्यात कुठे लावतात," असं म्हणून त्यांनी हनानला वाण दिलं, तिळगूळ दिला आणि त्या पुढे सरकल्या. बाकीच्या बायकांचाही जीव भांड्यात पडला. धर्म असा नेमका अडचणीच्या वेळी उपयोगी पडतो. घरी जाताना हनानने मला विचारलं, त्या बाई काय म्हणत होत्या? मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या मशिदीतल्या बायकाही तेच विचारतात. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीला बसलीस का? मी म्हणते, आधी त्याला वर येऊ दे." वाण म्हणून मिळालेली स्टीलची वाटी तिने कोटाच्या खिशात घातली आणि ती आपल्या दाराकडे वळली.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर ओरेन बसतो. तो इस्रायलचा. त्याचे मामा ज्या हल्ल्याने हे युद्ध पेटलं त्यात, अगदी पहिल्याच दिवशी मारले गेले आणि त्यांचा मृतदेह मारेकऱ्यांनी गाझात नेला. तेव्हापासून त्याच्या आईने घरातला टीव्ही बंद केलेला नाही. कॉफी मशीनपाशी तो मला म्हणाला, "डू यू थिंक इट विल होल्ड?" सकाळी हनानच्या ओट्यावर हाच प्रश्न आणि दुपारी इथे हाच. आय होप सो, असं काहीतरी मी पुटपुटले. हनानबद्दल मी त्याला सांगितलं नाही आणि त्याच्याबद्दल तिला. दोघांनाही फक्त आपलं माणूस पुरायला हवं होतं, आणि ते ज्यांच्या हातात होतं ते तिकडे कुणाच्या बदल्यात किती, याचा भाव करत बसले होते.

मार्चमध्ये इथे बर्फ सुटायला लागतो. छपरांवरून दिवसभर ठिबकत असतं, गल्लीभर मिठाचा चिखल होतो आणि माणसं उगाचच एकमेकांकडे बघून हसतात. अशा दिवसांतल्या एका रात्री हनानने आमचं दार वाजवलं. अंगात कोट नव्हता, पायांत चपला. "तोडला," ती म्हणाली. रमजानचे दिवस होते. तिकडे लोक सहरीला, पहाटेच्या जेवणाला, उठत होते तेवढ्यात बॉम्ब पडायला लागले. समीर वाचला आणि पुन्हा दक्षिणेकडे पळाला. त्याच्या आणि वलीदच्या मध्ये एकच स्लॅब उरला होता. टीव्हीवर दोन्हीकडचे प्रवक्ते आले आणि आधी त्यांनी तोडला, असं एकमेकांकडे बोट दाखवून गेले.

उदय पैज हरला. ठरल्याप्रमाणे आमच्याकडे मिसळ झाली, लोकांनी दोन-दोनदा तर्री मागून घेतली. मी वाढलं. खाल्लं नाही.

त्या वसंतात हनान एकदाच म्हणाली, "बाजूने गेलो असतो तर." मी म्हटलं, तर कदाचित समीरही गेला असता. ते खरं होतं आणि त्याचा तिला काडीचाही उपयोग नव्हता. नंतर फोटो यायचे ते तंबूंचे, समुद्राचे, रिकाम्या पातेल्यांचे. त्यांवर मला लाल रेघा मारता येत नव्हत्या. उन्हाळाभर इथल्या पार्किंगांमध्ये मी टेकू मोजत हिंडले, आणि रिपोर्टात प्रत्येकापुढे तात्पुरते हा शब्द लिहीत राहिले.

मग पानगळीत नवा युद्धविराम आला. पुन्हा मोठे देश, पुन्हा टाळ्या, पुन्हा हस्तांदोलनं. काही आठवड्यांनी ओरेनच्या मामांची शवपेटी इस्रायलला घरी गेली. ओरेन तिकडे जाऊन आला, दाढी वाढलेली होती. मला म्हणाला, "आई टीव्ही बंद करून झोपली." या वेळी मी हनानला सांगितलं. ती कप विसळत होती. कप पालथा घालून तिने हात पुसले आणि म्हणाली, "बरं झालं. कुणाला तरी मिळावं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

या वेळच्या करारात मात्र एक रेघ आहे. सैन्य रेघेपर्यंत मागे आलं आणि तिथेच थांबलं. रेघ कळावी म्हणून ठिकठिकाणी पिवळे रंगवलेले काँक्रीटचे ठोकळे ठेवले आहेत. अलीकडे माणसांनी राहायचं, पलीकडे पाऊल टाकलं तर गोळी. समीरची गल्ली पलीकडे आहे. तिथे ढीग तरी उरलाय की बुलडोझरने सपाट केलाय, हे बघायलाही त्याला जाता येत नाही. शेजारचा एकजण आपलं घर बघायला गेला, तो परत आला नाही. समीर अलीकडे तंबूत राहतो, शिलाई मशीन मिळालंय म्हणतो, लोकांचे फाटके कपडे शिवतो.

परवा शनिवारी दुपारी मी आणि हनान दोन्ही घरांपुढचा बर्फ ओढत होतो. शुभदाताई यंदाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या. यंदा त्यांच्याकडे आहे. गाडीतून उतरता उतरता त्यांनी हनानला पाहिलं आणि मनापासून, अगदी मनापासून तिचे दोन्ही हात धरले.

"सो हॅपी फॉर यू, हनान! इट इज होल्डिंग ना या वेळी? देवाने ऐकलं बाई. मी पण रोज प्रे करते, टिकू दे म्हणून."

"थँक यू," हनान म्हणाली. तिने हात सोडवून घेतले नाहीत. "हो, टिकलाय."

शुभदाताई गेल्यावर ती फावड्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. थंडीने तिचे डोळे वाहत होते, की रडत होती, मला कळलं नाही.

"हा असाच टिकला तर वलीद कायमचा रेघेपलीकडे राहील," ती म्हणाली. "मोडला तर समीर जाईल. दिवसातून पाच वेळा मी नमाजाच्या चटईवर उभी राहते, माधवी. मी काय मागू?"